चोराला चोर कोणी ठरवलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रांच्या सदरात अलीकडे एका पालकांचं पत्र वाचलं. ‘इंग्रजीच्या तासाला मानवी हक्क कशाला? आधी मुलांना काळ आणि प्रयोग येऊ देत, जगाचा उद्धार नंतर करू,’ असा त्याचा एकूण सूर. पत्र खुसखुशीत होतं, आणि त्यामागचा वैतागही मला समजला. मी इंग्रजी शिकवते. दिवसा शाळेतली मुलं आणि संध्याकाळी नोकरी सांभाळून शिकायला येणारी मोठी माणसं. दोन्हीकडे संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातली वाक्यं वापरते, म्हणून हे उत्तर.

त्या पालकांच्या हाती काय पडलं असेल, याचा मला अंदाज आहे. ‘मलाला इज अ डॅश गर्ल’ आणि कंसात ब्रेव्ह, ब्रेव्हर, ब्रेव्हेस्ट. किंवा ‘राइट्स’ या शब्दाचं अनेकवचन ओळखा. वर शाळकरी मुलांचं हातात हात घातलेलं चित्र. अशा स्वाध्यायातून व्याकरण येत नाही आणि हक्कही कळत नाहीत. तिथे मलालाच्या जागी कोणाचंही नाव टाकलं तरी उत्तर तेच येतं. याला विरोध असेल तर मी त्यांच्या बाजूची आहे. पण त्यांनी पुढे जाऊन ‘व्याकरण हे व्याकरण असतं, त्याला विषयाशी देणंघेणं नसतं’ असं लिहिलंय, ते मला मुळीच मान्य नाही.

आपण सगळेच पॅसिव्ह व्हॉइस एका वाक्यावर शिकलो. ‘द पोलीस कॉट द थीफ.’ त्याचं ‘द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस.’ पिढ्यानपिढ्या हा चोर पकडला जातोय. मी हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि त्याच्याखाली 1948च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्याचं अकरावं कलम लिहिते: ‘एव्हरीवन चार्ज्ड विथ अ पीनल ऑफेन्स हॅज द राइट टू बी प्रिझ्यूम्ड इनोसंट अंटिल प्रूव्ह्ड गिल्टी.’ खटला चालून गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष मानला जाण्याचा हक्क. मग विचारते, वरच्या वाक्यात पोलिसांनी नेमकं कोणाला पकडलं? पहिली काही मिनिटं वर्ग ‘चोराला, बाई’ यावर ठाम असतो. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं, ‘पण तो चोर आहे हे अजून कुठे ठरलंय?’ इथून खरा तास सुरू होतो. मग ‘थीफ’च्या जागी काय लिहायचं? ‘अ मॅन सस्पेक्टेड ऑफ थेफ्ट’, ‘अ मॅन अक्यूज्ड ऑफ थेफ्ट’, ‘अ मॅन चार्ज्ड विथ थेफ्ट’. सस्पेक्टेड आणि अक्यूज्डच्या मागे ऑफ, चार्ज्डच्या मागे विथ. ही प्रिपोझिशन्स मी पूर्वी यादी देऊन पाठ करून घेत असे आणि चाचणीनंतर ती धुऊन निघत. आता संशय, आरोप आणि आरोपपत्र या तीन पायऱ्यांना जोडूनच ती येतात, कारण कुठल्या पायरीवर माणूस उभा आहे हे त्याच शब्दांनी कळतं. शिवाय अकराव्या कलमाच्या त्या एका वाक्यात ‘चार्ज्ड विथ’ हे विशेषणासारखं आलेलं धातुसाधित आहे, ‘टू बी प्रिझ्यूम्ड’ हे कर्मणी रूप आहे आणि ‘अंटिल’नंतर गाळलेली क्रियापदाची जोड आहे. दहावीच्या व्याकरणाचा निम्मा अभ्यासक्रम एका ओळीत सापडतो. एवढं दाट वाक्य ‘राम गोज टू स्कूल’च्या कुळात शोधून दाखवावं.

पॅसिव्हचाच धागा पुढे नेते, कारण या मजकुराची खरी ताकद तिथे आहे. जाहीरनाम्याचं सव्विसावं कलम शिक्षणाचं. ‘एज्युकेशन शॅल बी फ्री, ॲट लीस्ट इन द एलिमेंटरी अँड फंडामेंटल स्टेजेस. एलिमेंटरी एज्युकेशन शॅल बी कम्पल्सरी.’ पुढे तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाबद्दल ‘शॅल बी मेड जनरली अव्हेलेबल’. मुलांना मी सांगते, याचा कर्ता शोधा, ‘बाय’ लावून वाक्य पुरं करा. अव्हेलेबल करायचं, ते कोणी? बाय द टीचर? बाय द पेरेंट्स? बाय द गव्हर्नमेंट? वाक्यात उत्तर नाही. मग मी संयुक्त राष्ट्रसंघाच्याच 1989च्या बालहक्क संहितेचं अठ्ठाविसावं कलम काढते. तिथे वाक्याची सुरुवातच कर्त्याने होते: ‘स्टेट्स पार्टीज’, म्हणजे संहितेवर सही-शिक्का करून बांधली गेलेली राष्ट्रं. त्यांनी काय करायचं? ‘मेक प्रायमरी एज्युकेशन कम्पल्सरी अँड अव्हेलेबल फ्री टू ऑल.’ कर्ता आला आणि वाक्य कर्तरी झालं. हा फरक उगीच पडलेला नाही. 1948चा जाहीरनामा ही घोषणा होती, तो मंजूर झाला म्हणून कोणत्याही राष्ट्रावर कराराचं बंधन आलं नाही. 1989ची संहिता हा करार आहे, त्यामुळे कोणावर काय बंधन आहे हे त्यात लिहावंच लागलं. ‘पॅसिव्ह कधी वापरतात?’ या प्रश्नाला पुस्तकातलं उत्तर असतं, ‘कर्ता महत्त्वाचा नसेल तेव्हा’. हे उत्तर अर्धंच आहे, हे मुलांना या दोन कलमांवरून दिसतं. कर्ता अतिशय महत्त्वाचा असतानाही तो गाळता येतो आणि पुष्कळदा मुद्दाम गाळला जातो. पेपरातल्या बातम्यांमध्ये, कार्यालयांच्या सूचनाफलकांवर, माफीनाम्यांत. आपल्या पेपरातही, संपादक महाराज, रागावू नका.

संहितेच्या त्याच अठ्ठाविसाव्या कलमात एक क्रियाविशेषण आहे, ‘प्रोग्रेसिव्हली’. शिक्षणाचा हक्क राष्ट्रांनी टप्प्याटप्प्याने साध्य करायचा. नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, टप्पे किती ते कुठे लिहिलंय?’ क्रियाविशेषण वाक्याचा अर्थ किती सैल करू शकतं, याचं याहून चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

‘शॅल’बद्दल. जुन्या व्याकरणात आय आणि वीला शॅल, बाकीच्यांना विल, आणि उलट लावलं तर आज्ञा किंवा वचन, असा नियम होता. बोलण्यातून हा शॅल जवळपास गेलाच आहे, म्हणून मुलांना तो निरर्थक वाटतो. पण कायद्याच्या आणि करारांच्या भाषेत तो ठाण मांडून बसलाय, आणि तिथे त्याचा अर्थ भविष्यकाळ नसून बंधन असा आहे. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात माणसांनी एकमेकांशी बंधुभावाने वागावं, असं सांगताना ‘शुड’ आहे. शिक्षण मोफत करताना ‘शॅल’ आहे. एक अपेक्षेची भाषा, दुसरी बंधनाची. या दोन वाक्यांची अदलाबदल करून पाहा म्हटलं की मोडल ऑक्झिलरीजचा तक्ता वेगळा शिकवावा लागत नाही. ‘एज्युकेशन शुड बी फ्री’ असं झालं तर काय बिघडेल, हे सातवीचं मूलही सांगतं.

आता मराठी बोलणाऱ्या मुलांची एक खास अडचण. आपल्याकडे नकार क्रियापदाला चिकटतो: ‘कोणालाही गुलाम म्हणून ठेवलं जाणार नाही.’ त्यामुळे मुलं इंग्रजी करताना हमखास लिहितात, ‘एनीवन शॅल नॉट बी हेल्ड इन स्लेव्हरी.’ लाल रेघ मारून हे सुटत नाही, कारण मुलाच्या डोक्यात वाक्याची जुळणीच मराठी असते. जाहीरनाम्याचं चौथं, पाचवं आणि नववं कलम मी एकाखाली एक लिहिते. तिन्हींची सुरुवात ‘नो वन शॅल बी’. नो वन शॅल बी हेल्ड, नो वन शॅल बी सब्जेक्टेड, नो वन शॅल बी सब्जेक्टेड. गुलामगिरी, छळ, मनमानी अटक. मोठ्याने वाचून घेते. नकार आधी, वाक्याच्या दारातच. मग मुलं आपापल्या शाळेसाठी असं एकेक वाक्य लिहितात. ‘नो वन शॅल बी लाफ्ड ॲट फॉर अ राँग आन्सर’ हे मला मिळालेल्यांपैकी सगळ्यात आवडतं वाक्य. ते लिहिणाऱ्या मुलाला ‘लाफ्ड ॲट’मधला ॲट कुठे ठेवायचा यासाठी बराच घाम गाळावा लागला होता. फ्रेझल व्हर्बचा कर्मणी प्रयोग हे भल्याभल्यांना चकवणारं प्रकरण आहे, पण त्याला ते वाक्य म्हणायचंच होतं, म्हणून त्याने सोडलं नाही.

उपपदांचं सांगितलं नाही तर माझं इंग्रजी शिकवणं फुकट. (वर्गात एक गमतीदार घोळ होतो: कलम म्हणजेही आर्टिकल आणि अ, ॲन, द हेही आर्टिकल. ‘आर्टिकल फिफ्टीनमधलं आर्टिकल सांगा’ असं म्हटलं की हशा पिकतो.) मराठीत उपपदं नाहीत, त्यामुळे ती कधी लावायची आणि कधी नाही, हा आपल्याकडच्यांचा आयुष्यभराचा वांधा. पंधराव्या कलमात ‘द राइट टू अ नॅशनॅलिटी’ आणि सव्विसाव्यात ‘द राइट टू एज्युकेशन’. एकाला अ आहे, दुसऱ्याला काहीच नाही. का? नागरिकत्व मोजता येतं: एखाद्याकडे एक असतं, काहींकडे दोन, काहींकडे एकही नसतं. एकही नसलेल्या माणसाला ‘स्टेटलेस’ म्हणतात, हे सांगितलं की ‘अ’चं वजन एकदम वाढतं. शिक्षण मात्र इथे अगणनीय, त्याचे नग पडत नाहीत. आणि राइटच्या आधी ‘द’, कारण कोणता हक्क ते लगेच पुढे सांगितलंय. हे तीन नियम तीन स्वतंत्र धड्यांत विखुरलेले असतात, इथे ते शेजारीशेजारी बसलेत. ‘फ्री’ या शब्दाचंही तसंच. पहिल्या कलमात माणसं ‘बॉर्न फ्री’ आहेत, म्हणजे स्वतंत्र. सव्विसाव्यात शिक्षण फ्री आहे, म्हणजे मोफत. शब्दकोशात दोन अर्थ एकाखाली एक वाचून जे लक्षात राहत नाही, ते दोन वाक्यांत राहतं.

सर्वनामांकडे येते. हा माझा सगळ्यात लाडका तास. जाहीरनाम्याच्या मसुद्यात माणसांसाठी ‘ऑल मेन’ असा शब्दप्रयोग होता. तो मसुदा करणाऱ्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी म्हणून हंसा मेहता होत्या, आणि आयोगाच्या अध्यक्ष होत्या एलिनॉर रूझवेल्ट. ‘ऑल मेन’चं ‘ऑल ह्युमन बीइंग्ज’ झालं, त्याचं श्रेय हंसाबेनना दिलं जातं. पुरुष हा शब्द माणूस या अर्थी वापरला तरी उद्या कोणीतरी तो शब्दशः घेईल आणि बायकांना वगळेल, ही त्यांची हरकत होती. इथवरची गोष्ट भाषणांत बऱ्याचदा सांगितली जाते आणि टाळ्या पडतात. मी मुलांना पुढचं शोधायला लावते: मग बाकीच्या कलमांत काय झालं? तेराव्या कलमात कुठलाही देश सोडण्याचा हक्क आहे, ‘इन्क्लूडिंग हिज ओन’. पंचविसाव्यात राहणीमानाचा हक्क ‘हिमसेल्फ अँड ऑफ हिज फॅमिली’साठी आहे. दोन्ही वाक्यं सुरू होतात ‘एव्हरीवन’ने. पहिल्याच कलमात ‘ब्रदरहुड’ तसंच राहिलंय. म्हणजे दार उघडलं, पण खोल्या तशाच राहिल्या. 1989च्या संहितेत बाराव्या कलमात मुलाच्या मताबद्दल लिहिताना ‘हिज ऑर हर ओन व्ह्यूज’ आलंय. चाळीस वर्षांत एक ‘ऑर हर’ वाढलं. आज इंग्रजी लिहिणारे ‘एव्हरीवन’साठी सर्रास ‘देअर’ वापरतात, आणि अजूनही काही परीक्षक त्याला लाल खूण करतात. माझ्या वर्गात मुलं तेरावं कलम तीन प्रकारे लिहून काढतात आणि कोणतं कुठे चालेल यावर वाद घालतात. एकाचं मत असं की ‘हिज ऑर हर’ दर वेळी लिहिलं तर वाक्याला धाप लागते. मला पटलं.

अपंगत्वाबद्दलच्या दस्तऐवजांचं नावच पाहा. 1975च्या जाहीरनाम्याच्या नावात ‘डिसेबल्ड पर्सन्स’ आहे, तर 2006च्या संहितेच्या नावात ‘पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज’. विशेषण आधी की माणूस आधी. नाउन फ्रेझची रचना शिकवायला मला एवढं पुरतं.

शब्दसंग्रहाबद्दल मात्र माझी भूमिका थोडी कडक आहे. ‘ह्युमन राइट्स व्होकॅब्युलरी’ म्हणून वीस भारी नामांची यादी देऊ नये. डिग्निटी, इक्वॅलिटी, जस्टिस, लिबर्टी. मुलं ती पाठ करतात, निबंधात फुलांसारखी टाकतात आणि अर्थ विचारला की गप्प. नामाआधी क्रियापदं द्यावीत. हक्काचं काय काय करता येतं? हॅव, क्लेम, एक्झरसाइज, एन्जॉय. दुसरा त्याचं काय करू शकतो? रिस्पेक्ट, प्रोटेक्ट, डिनाय, व्हायोलेट. ‘राइट’बरोबर ‘टू’ येतो, ‘एन्टायटल्ड’बरोबरही ‘टू’ येतो, ‘डिप्राइव्ह्ड’बरोबर ‘ऑफ’. डिग्निटी शिकवायची तर बालहक्क संहितेच्या अठ्ठाविसाव्या कलमातलंच दुसरं उपकलम घ्यावं: शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेशी सुसंगत असली पाहिजे. मग विचारावं, शाळेतल्या कोणत्या शिक्षा यात बसत नाहीत? मुलांना एका मिनिटात शब्द कळतो. मराठी प्रतिशब्दही लागत नाही.

शाळेशी जोडलेल्या क्रियापदांत एक फार बोलकं आहे: ‘ड्रॉप आउट’. ‘शी ड्रॉप्ड आउट ऑफ स्कूल.’ कर्ता ती. जणू तिनेच एका सकाळी ठरवलं. आता तिच्याबद्दल चार माहितीची वाक्यं देते: शाळा लांब आहे, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कोणी नाही, शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, फी थकलीय. आणि सांगते, हेच वाक्य असं लिहा की कर्ता ती नसेल. वर्ग ‘वॉज टेकन आउट’, ‘वॉज केप्ट अवे’, ‘हॅड टू लीव्ह’ असं काय काय लिहितो. ‘हॅड टू’ आणि ‘चोज टू’ यांतला फरक मग कोणाला समजावावा लागत नाही.

मोठ्यांच्या वर्गात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. तिथे तेविसावं आणि चोविसावं कलम चालतं. समान कामाला समान वेतन, विश्रांती, ‘पीरिऑडिक हॉलिडेज विथ पे’. भरपगारी सुट्टी मानवी हक्कांत आहे, यावर कोणाचा विश्वासच बसत नाही. मग आम्ही रजेचे अर्ज लिहितो. एका गृहस्थांच्या अर्जाची सुरुवात होती ‘आय बेग टू से दॅट’ आणि शेवट ‘काइंडली ग्रँट मी टू डेज लीव्ह अँड ऑब्लाइज’. रजा त्यांच्या नेमणुकीच्या अटींतच होती. आम्ही तो अर्ज ‘आय वुड लाइक टू टेक टू डेज ऑफ द लीव्ह आय ॲम एन्टायटल्ड टू’ असा केला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘मॅडम, उद्धट नाही ना वाटत?’ आम्ही शब्द न् शब्द तपासला. कुठेच उद्धटपणा नव्हता, ‘वुड लाइक’ने नम्रता सांभाळली होती. फक्त ‘बेग’ गेलं होतं. हक्काची भाषा म्हणजे आरडाओरडा, हा समज व्याकरणाच्या वर्गातच दूर होऊ शकतो, कारण स्वर चढवणं-उतरवणं हे शेवटी क्रियापदांचं काम.

आता त्या पालकांच्या दुसऱ्या आक्षेपाकडे. असल्या विषयांतून शिक्षक आपली मतं मुलांच्या गळी उतरवतात, असं ते म्हणतात. हा धोका खरा आहे. माझ्यापुरते काही कुंपणं मी घातलीत. गुण भाषेला, मताला नाहीत. मुलाने माझ्या अगदी विरुद्ध लिहिलं आणि त्याचे काळ बरोबर असतील तर पूर्ण गुण. वादविवादाला ‘मुलींनी शिकावं का’ असला विषय कधीच देत नाही. समोर बसलेल्या निम्म्या वर्गाने आपण इथे असावं की नाही यावर दुसऱ्यांची भाषणं ऐकावीत, ही कसली चर्चा? खरे वादाचे मुद्दे मजकुरातच आहेत. सव्विसाव्या कलमात शिक्षण हा हक्कही आहे आणि सक्तीही. हक्काची सक्ती कशी? त्याच कलमाच्या तिसऱ्या भागात मुलांना कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं, हे ठरवण्याचा अग्रहक्क पालकांना दिलाय. 1989च्या संहितेत मुलाचं मत ऐकायचं आहे. दोघांचं पटलं नाही तर? ‘ऑल्दो’, ‘व्हेअरॲज’, ‘अनलेस’, ‘प्रोव्हायडेड दॅट’ ही उभयान्वयी अव्ययं वापरल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच देता येत नाही.

आणि एक गोष्ट तर कटाक्षाने टाळते: ‘तुझ्या हक्कावर गदा आली असा प्रसंग लिही.’ पास्ट टेन्सच्या सरावासाठी हा स्वाध्याय छापील पुस्तकांत दिसतो. तो देणाऱ्याला कल्पना नसते की वहीत काय उतरू शकतं, आणि उतरलं तर ती वही शेजारचा वाचणार आहे, तपासताना ‘गोएड’च्या जागी ‘वेन्ट’ करून परत द्यायची आहे. काळ शिकण्यासाठी मुलाने स्वतःचं दुःख मांडायची गरज नाही. तिसऱ्या पुरुषात लिहू द्यावं, काल्पनिक पात्र घेऊ द्यावं.

संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर 2011मध्ये मानवी हक्क शिक्षणाचा जाहीरनामा मंजूर केला. त्यात या शिक्षणाचे तीन भाग तीन प्रिपोझिशन्सनी सांगितलेत: अबाउट, थ्रू आणि फॉर. हक्कांविषयी माहिती, हक्कांसाठी उभं राहण्याची तयारी, आणि मधलं ‘थ्रू’ म्हणजे शिकवण्याची रीतच शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा मान राखणारी असणं. आम्हा शिक्षकांची खरी परीक्षा या मधल्यात आहे. मी पूर्वी एका ठिकाणी शिकवत होते, तिथे आवारात मातृभाषेत बोललेल्या मुलाला दंड होता आणि त्याचं नाव फळ्याच्या कोपऱ्यात दिवसभर राहायचं. बालहक्क संहितेच्या एकोणतिसाव्या कलमात शिक्षणाची उद्दिष्टं सांगताना मुलाच्या स्वतःच्या भाषेबद्दल आदर वाढवणं हे स्पष्ट लिहिलंय. ते कलम इंग्रजीत, त्याच फळ्यावर, कोपऱ्यातल्या नावांशेजारी कसं लिहायचं? त्या नियमाने तिथल्या मुलांचं इंग्रजी सुधारल्याचंही मला दिसलं नाही. मधल्या सुट्टीत ती गप्प राहायला शिकली, एवढंच. माझ्या वर्गात आज अडलेला शब्द मराठीत विचारायची मुभा आहे, आणि चुकीचं उत्तर फळ्यावर लिहिलं तर नाव लिहीत नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी नवी फॅडं. पण शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी यांनी 1963 साली ब्राझीलच्या अँजिकोस गावात सुमारे तीनशे शेतमजुरांना वाचायला शिकवलं, तेव्हा सुरुवात बाराखडीने केली नव्हती. त्या माणसांच्या जगण्यातले वजनदार शब्द निवडले, वीट, जमीन, काम यांसारखे, त्यांवर बोलणं झालं आणि मग त्यांची अक्षरं फोडली. चाळीस तासांचा अभ्यासक्रम होता. पुढच्याच वर्षी लष्करी उठाव झाला, फ्रेरींना तुरुंगात टाकलं गेलं आणि नंतर देश सोडावा लागला. हे उदाहरण मातृभाषेतल्या साक्षरतेचं आहे, परक्या भाषेचं नाही, त्यामुळे ते जसंच्या तसं इंग्रजीला लावता येणार नाही हे मान्य. तरी ज्या शब्दाशी शिकणाऱ्याचं काही देणंघेणं आहे तो आधी शिकवा, एवढं त्यातून घ्यायला हरकत नसावी.

आणि हो, रोज हेच करावं असं माझं म्हणणं नाही. सलग आठवडाभर छळ, अटक आणि गुलामगिरी वाचून मुलं कंटाळतात आणि बधिरही होतात. विनोद, कोडी, क्रिकेटचं समालोचन, भुताची गोष्ट हे सगळं इंग्रजीच्या तासाला हवंच. 1948चा संपूर्ण जाहीरनामा तीस कलमांसकट वर्गात वाचायचा घाट तर अजिबात घालू नये. त्याची प्रस्तावना म्हणजे ‘व्हेअरॲज’ने सुरू होणाऱ्या परिच्छेदांची माळ, ती वाचून मोठ्यांनाही झोप येते. एका तासाला एक वाक्य घ्यावं, पण ते उलटंपालटं करून सगळ्या बाजूंनी पाहावं. परीक्षेची चिंता असणाऱ्यांना सांगते, ‘चेंज द व्हॉइस’, ‘यूज नो सूनर’, ‘रीराइट यूजिंग अनलेस’ हे सगळं याच वाक्यांवर होतं आणि मुलांचे गुण त्यामुळे कमी होत नाहीत.

करून पाहणाऱ्यांसाठी शेवटी एक उपयोगाची गोष्ट. जाहीरनामा पाचशेहून अधिक भाषांत उपलब्ध आहे आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर मराठी अनुवादही फुकट मिळतो. काही सहकारी म्हणतात, मराठी आधी दाखवलं तर मुलं इंग्रजी वाचणारच नाहीत. माझा अनुभव उलटा आहे. मराठी कलम आदल्या दिवशी घरी वाचायला द्यावं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फक्त इंग्रजी कलम काढावं. अर्थ माहीत असल्यामुळे सगळं लक्ष शब्द कुठे बसलाय आणि क्रियापदाचं रूप काय झालंय याकडे जातं. सहावी-सातवीपर्यंत मात्र मूळ वाक्य जड पडतं, तिथे ते दोन लहान वाक्यांत तोडून द्यावं, पण ‘शॅल’ आणि ‘नो वन’ काढू नयेत.

आपली,
एक इंग्रजीची शिक्षिका
(नाव छापू नये, ही विनंती)